गाडीचं अ‍ॅडास आणि शुक्रवारची रात्र

नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४१, बँकेत नोकरी. पती भिवंडीत गोदामाचं काम बघतात. सोमवारी पहाटे गाडी घेऊन निघतात, शुक्रवारी रात्री परततात. ‘कसाऱ्याच्या आसपास एक-दोनदा डोळा लागला होता, हे ते स्वतःच हसत हसत सांगतात,’ असं त्या लिहितात. आता नवी गाडी घ्यायची आहे. हाताशी १८ लाख आहेत आणि यादीत तीन गाड्या. तिन्हींच्या वरच्या व्हेरियंटमध्ये अ‍ॅडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा मिळते, पण त्यासाठी दीड-दोन लाख जास्त मोजावे लागतात. न्यू जर्सीतला भाऊ अमेरिकेतल्या अपघातांचे तक्ते पाठवतो. त्यातल्या एका तक्त्यात टेस्ला सगळ्यात वाईट ठरते आणि दुसऱ्यात सगळ्यात सुरक्षित. सासरे म्हणतात, ही सगळी खेळणी आहेत, ब्रेक पायानेच लावायचा असतो. ‘मला एवढंच सांगा, कोणत्या कंपनीचं अ‍ॅडास सगळ्यात सुरक्षित? हप्ता वाढला तरी चालेल, पण यांना काही होता कामा नये.’

ताई,

आपल्याकडे मिळणाऱ्या गाड्यांपुरतं बोलायचं तर तुमच्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आज कुणाकडेच नाही. ते शोरूममधल्या मुलाकडे नाही आणि यूट्यूबवर पुठ्ठ्याच्या माणसावर गाडी घालून दाखवणाऱ्यांकडेही नाही. तो मुलगा ‘फाइव्ह स्टार’ आणि ‘लेव्हल टू अ‍ॅडास’ एका दमात म्हणेल, तेव्हा त्याला तिथेच थांबवा. (लेव्हल टू म्हणजे वेग आणि स्टिअरिंग दोन्हींत मदत, जबाबदारी मात्र चालकाचीच.) भारत एनसीएपी, म्हणजे गाड्या आदळवून त्यांना तारे देणारी आपली सरकारी चाचणी, २०२३मध्ये सुरू झालं. त्याच्या पहिल्या नियमावलीतले तारे मिळतात ते धडक झाल्यावर आतल्या माणसांचं काय होतं यावर. समोरून ताशी ६४ किलोमीटरने गाडी आदळवतात, बाजूनेही धडक देतात, पुतळ्यांना किती इजा झाली ते मोजतात. धडक होऊच नये म्हणून गाडीने काय केलं, याला त्यात गुण नाहीत. पाच तारे हवेतच, पण त्यावरून अ‍ॅडासबद्दल काही कळत नाही.

आता दादाचे तक्ते. तो खोटं काही पाठवत नाहीये.

त्याचा पहिला तक्ता बहुधा अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या, एनएचटीएसएच्या आकडेवारीतून आलाय. या खात्याने जून २०२१मध्ये कंपन्यांना हुकूम काढला, की अशी यंत्रणा चालू असताना किंवा अपघाताच्या आधीच्या ३० सेकंदांत चालू होती अशा वेळी अपघात झाला, तर कळवा. पहिली यादी २०२२मध्ये आली. जुलै २०२१ ते मे २०२२ या काळातले ३९२ अपघात होते. त्यात टेस्ला २७३, होंडा ९०, सुबारू १० आणि बाकीच्यांचे किरकोळ. बघितल्यावर वाटतं, झालं, निकाल लागला. पण टेस्लाची गाडी सतत इंटरनेटला जोडलेली असते, अपघात झाला की कंपनीला आपोआप कळतं. पुष्कळ कंपन्यांना गिऱ्हाइकाने फोन केला किंवा विम्याचा दावा आला तरच कळतं. ज्या गावात पोलीस चौकी आहे त्याच गावात गुन्हे जास्त नोंदले जातात, तसला हा प्रकार. शिवाय कोणत्या कंपनीच्या किती गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्या यंत्रणा चालू ठेवून किती मैल धावल्या, याचा भागाकार त्या यादीत नव्हताच. कंपन्यांची तुलना करायला हे आकडे वापरू नका, असं खात्याने स्वतःच बजावलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता फिरतो, त्याखालची तळटीप फिरत नाही.

दुसरा तक्ता टेस्लाचा स्वतःचा असणार. ऑटोपायलट, म्हणजे टेस्लाची अशीच यंत्रणा, चालू असताना इतक्या लाख मैलांमागे एक अपघात आणि अमेरिकेची सरासरी मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी वाईट, असा त्याचा सूर असतो. ऑटोपायलट लोक मुख्यतः हायवेवर लावतात, आणि मैलांच्या हिशोबाने तिथे अपघात तसेही कमी होतात. सरासरीत मात्र गल्लीबोळ, चौक, बर्फाचे रस्ते सगळं येतं. तिथल्या रस्त्यावरची गाडी सरासरी १२ वर्षं जुनी असते, टेस्ला नवीन. म्हणजे गुण यंत्रणेचा, रस्त्याचा की गाडीच्या वयाचा, हे त्या आकड्यातून सुटं करता येत नाही. तुम्ही बँकेत आहात. कर्ज बुडण्याचं प्रमाण दोन शाखांचं काढायचं आणि एका शाखेत फक्त पगारदार खातेदार धरायचे, असं कुणी केलं तर तुम्ही त्याला किती वेळ बसवून घ्याल?

(आणि टेस्लाने २०२५च्या जुलैत बीकेसीत दुकान थाटलं असलं, तरी तुमच्या १८ लाखांत ती यायची नाही. तेव्हा दादाचा हा वाद त्याच्यापाशीच राहू द्या.)

मग नीट केलेली तुलना कुठेच नाही का? आहे. पण ती तुमच्या प्रश्नाची दिशाच बदलते. गाड्या तपासणाऱ्या युरो एनसीएपी या युरोपातल्या संस्थेने २०२०मध्ये दहा गाड्यांच्या अशा यंत्रणा तपासल्या. टेस्ला मॉडेल थ्रीला गाडी सांभाळण्याच्या कौशल्यात आणि अडचणीच्या वेळी सावरण्यात वरचे गुण पडले. पण चालकाला जागं आणि गुंतलेलं ठेवण्यात १००पैकी ३६. एकूण श्रेणी ‘मध्यम’. मर्सिडीज जीएलई आणि बीएमडब्ल्यू थ्री सीरीज ‘फार चांगली’त गेल्या. मग अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने मार्च २०२४मध्ये १४ यंत्रणांना श्रेणी दिल्या. चालक रस्त्याकडे बघतोय का, हात स्टिअरिंगवर आहेत का, पट्टा लावलाय का, तो लक्ष देत नसेल तर यंत्रणा काय करते, हे तिने मुख्यतः बघितलं. १४पैकी ११ यंत्रणा ‘वाईट’. त्यात बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, व्होल्वो, फोर्ड सगळे आले. ‘चालेल’ ही श्रेणी एकट्या लेक्ससच्या एका यंत्रणेला मिळाली आणि ‘चांगली’ कुणालाच नाही.

त्याआधी चार वर्षं युरोपात मिरवलेली नावं अमेरिकेत ‘वाईट’मध्ये बसली, हे जरा बघा. कसोटी बदलली, क्रम बदलला. नुसतं कंपनीचं नाव धरून बसण्यात अर्थ नाही, असं मी म्हणते ते यासाठी. मात्र चालकाला किती गुंतवून ठेवते हा मुद्दा दोन्हीकडे आहे. टेस्लानेही डिसेंबर २०२३मध्ये सुमारे २० लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर परत बोलावून बदललं ते याच कारणासाठी. चालकाने गैरवापर करू नये म्हणून ठेवलेले अडसर पुरेसे नाहीत, असं तपासात ठरलं होतं.

सासऱ्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. कोणतं अर्धं, ते सांगते.

अ‍ॅडास म्हणून जे विकतात ते दोन वेगळ्या गोष्टींचं गाठोडं असतं. एक भाग गप्प बसून असतो आणि फक्त संकटात जागा होतो. पुढे धडक होणार असं दिसलं तर इशारा, मग आपोआप ब्रेक. मागे घेताना आडवी गाडी आली तर सूचना. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातली दुचाकी दाखवणं. दुसरा भाग गाडी चालवण्यात वाटेकरी होतो. पुढच्या गाडीपासून अंतर राखून वेग कमी-जास्त करणारा क्रूझ आणि लेनच्या मधोमध ठेवण्यासाठी स्टिअरिंग फिरवणं हा तो भाग. जाहिरातीत दुसराच दाखवतात, कारण तो दिसायला देखणा. पुरावा मात्र पहिल्याच्या बाजूने आहे. इशारा आणि आपोआप ब्रेक या जोडीमुळे पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात जवळपास निम्मे होतात, असं आयआयएचएसचं निरीक्षण आहे. पायी चालणाऱ्यांना धडक बसण्याचे अपघात अशा ब्रेकमुळे २७ टक्क्यांनी कमी झाले, पण अंधारात, दिवे नसलेल्या रस्त्यावर फरक शून्य. आणि लेनच्या मध्ये ठेवणाऱ्या, अर्धवट स्वयंचलित भागाने अपघात कमी होतात, याला त्यांनी २०२४मध्ये शोधूनही ठोस पुरावा सापडला नाही.

ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. सासऱ्यांचा पाय कितीही तयार असला, तरी डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर संपतं. म्हणून आपोआप ब्रेकला मी खेळणं म्हणणार नाही. हात सोडून बसायच्या सोयीला मात्र खुशाल म्हणेन. स्टिअरिंगला पाण्याची बाटली बांधून मागच्या सीटवर जाऊन बसणाऱ्यांची रील बघितली, की त्या कंपनीपेक्षा टाळ्या वाजवणाऱ्यांचा राग जास्त येतो.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जी तुम्ही तिसऱ्या परिच्छेदात सहज लिहून टाकलीत. कसाऱ्याजवळ डोळा लागला. ताई, तुम्ही अ‍ॅडास विकत घेताय ते झोपेवर औषध म्हणून. आणि झोपेवर ते औषध नाही.

इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून नाशिकची बरीच मंडळी कसारा घाट टाळून तिकडूनच जातात. तुमचे पतीही जात असतील. रस्ता गुळगुळीत, पट्टे ठळक, बोगद्यात उजेड. यंत्रणेला हवं ते सगळं तिथे आहे, त्यामुळे ती तिथे छान चालेल. पण तिथे माणसालाही काही काम उरत नाही, आणि दमलेल्या माणसाचे डोळे नेमके अशाच ठिकाणी मिटतात. क्रूझ वेग सांभाळतोय, स्टिअरिंग आपलं आपण हलतंय, मग जागं राहायचं कशासाठी? बऱ्याच गाड्यांत झोपेची सूचना म्हणून पडद्यावर कॉफीचा कप उगवतो. पुष्कळदा ती यंत्रणा डोळे बघत नाही, स्टिअरिंग कसं हलतंय यावरून अंदाज बांधते. आणि स्टिअरिंग तर यंत्रणाच धरून बसलेली असते.

त्यात उभा ट्रक. हा मुद्दा मी मुद्दाम लांबवते, कारण आपल्या रस्त्यांवर तो जिवाशी खेळतो. रडारला कमानी, पाट्या, कठडे अशा असंख्य स्थिर वस्तूंवरून उलट लहरी येतात. प्रत्येकीला घाबरून ब्रेक लावायचा तर गाडी पुढेच जाणार नाही. म्हणून जास्त वेगात स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करायला बऱ्याच यंत्रणांना शिकवलेलं असतं. मग भिस्त कॅमेऱ्यावर. रात्री अकरा वाजता, मागचे दिवे गेलेला, रिफ्लेक्टर सोललेला, कडेला अर्धा रस्त्यात उभा ट्रक किंवा कांद्याची ट्रॉली कॅमेऱ्याला किती लांबून ओळखू येईल? तुमच्या यादीतल्या प्रत्येक गाडीचं मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. क्रूझच्या प्रकरणात ‘थांबलेल्या वाहनाला यंत्रणा प्रतिसाद देईलच असं नाही’ या अर्थाचं वाक्य बहुतेक सगळीकडे सापडेल. शोरूममध्ये ते कुणी वाचून दाखवत नाही.

तरीही तीन गाड्यांची तुलना करायची आहेच, तर अशी करा. नाव सोडा, व्हेरियंट धरा. जगभर एकाच नावाने विकली जाणारी यंत्रणा वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या व्हेरियंटमध्ये वेगळ्या सामानावर चालू शकते. आपल्याकडे होंडा सिटीत ती पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्यावर चालते, क्रेटात कॅमेऱ्याच्या जोडीला पुढे रडार आहे. होंडात मागच्या कोपऱ्यासाठी रडारऐवजी ‘लेनवॉच’ मिळतं. डावा इंडिकेटर दिला की आरशाखालच्या कॅमेऱ्यातलं चित्र पडद्यावर येतं. ते डाव्या बाजूचंच, आणि बघायचं काम तुमचं. यात कोण चांगलं कोण वाईट असं नाही. पण ‘अ‍ॅडास आहे’ या दोन शब्दांत हे सगळं झाकलं जातं. म्हणून विचारा: आपोआप ब्रेक कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत लागतो? दुचाकी आणि पायी माणूस ओळखतो का? आपल्या देशात २०२२मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि जवळपास २० टक्के पायी चालणारी होती. दुचाकी न ओळखणारा ब्रेक द्वारका चौकात काय कामाचा? उत्तर तोंडी घेऊ नका, मॅन्युअलमधलं पान दाखवायला सांगा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या चकरेत उरकू नका. घोटीपर्यंत तरी जा, आणि गाडी ज्यांना चालवायची आहे त्यांनीच चालवावी. खड्डा चुकवायला इंडिकेटर न देता वळल्यावर स्टिअरिंग किती जोराने मागे खेचतं? लेनचा भाग बंद करायला किती बटणं दाबावी लागतात, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो पुन्हा जागा होतो का? क्रूझने पुढे जागा सोडली की टेम्पो त्यात घुसणारच. तेव्हा ब्रेक सावकाश लागतो की मागचा येऊन आदळेल असा? इशाऱ्यांचा कटकटाट असह्य वाटत असेल, तर आठवड्याभरात सगळंच बंद होईल आणि दीड लाख पाण्यात. आपोआप ब्रेक मात्र रस्त्यावर तपासायला जाऊ नका. ना पुठ्ठ्यावर, ना दिरावर.

एक खर्च कुणी सांगत नाही. पुढची काच तडकली की नवी बसवून भागत नाही, कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. बंपरमागे रडार असेल तर बाजारू बंपर किंवा पुढे लावलेला गार्ड त्याला आंधळा करतो. पावसाळ्यात चिखल बसला तरी तेच. कॅमेऱ्यासमोर गणपतीचं स्टिकर लावायचं नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. विमा घेताना काचेबरोबर ही जुळवणी धरली आहे का, हे लेखी विचारा.

माझं मत विचाराल तर सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू लागली की तिला सावरणारी यंत्रणा) आणि चांगले तारे हे कुठल्याही परिस्थितीत घ्या. मगच अ‍ॅडासकडे वळा. वरच्या व्हेरियंटमध्ये दुचाकी ओळखणारा आपोआप ब्रेक आणि कोपऱ्यातली सूचना असेल आणि हप्ता घराला जड जात नसेल, तर दीड-दोन लाख द्यायला हरकत नाही. त्याच पैशांत फक्त क्रूझ, लेनची सोय आणि सनरूफ मिळत असेल, तर खालचं व्हेरियंट घ्या आणि उरलेले पैसे शुक्रवारसाठी ठेवा.

शुक्रवारसाठी म्हणजे असं. त्या दीड-दोन लाखांचं कर्ज पाच वर्षांत व्याजासकट कितीला पडतं, हा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल. तेवढ्यात फक्त शुक्रवारी रात्री एक ड्रायव्हर ठेवता येतो का बघा. सोमवारी पहाटे गाडी काढण्याऐवजी सकाळच्या पंचवटीने कल्याण आणि तिथून भिवंडी जमतं का, तेही बघा. आठवडाभर गाडी गोदामाशी नुसती उभी राहत असेल तर जमावं. नाहीतर शनिवारी सकाळी निघणं. शुक्रवारीच यायचं असेल तर जेवून लगेच निघायचं नाही, आणि पेंग येतेय वाटलं की पडघा-शहापूरच्या एखाद्या चालत्या हॉटेलसमोर, उजेडात गाडी लावायची. कॉफी प्यायची आणि वीस मिनिटं सीट मागे करून पडायचं. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही, जराशी पुढे ढकलली जाते.

हे त्यांना सांगायचं कसं, हा खरा अवघड भाग. ‘तुम्ही झोपता’ म्हटलं की माणूस हसण्यावारी नेतो, तसं ते नेतच आहेत. गाडीच्या निवडीत त्यांना ओढा. मॅन्युअलमधलं थांबलेल्या वाहनाचं ते पान त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या, सासरे समोर असताना. गाडी उभ्या ट्रकला ओळखेल याची हमी कंपनीच देत नाही, हे बायकोच्या तोंडून ऐकण्यापेक्षा कंपनीच्या कागदावर वाचलेलं पुरुषांना लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर शुक्रवारची निघायची वेळ काढायची. दादालाही त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर घ्या. तक्ते पाठवण्यापेक्षा त्याने शुक्रवारी रात्री, म्हणजे त्याच्या दुपारी, जिजाजी पडघ्याला थांबले का एवढं तुम्हाला विचारलं तरी पुष्कळ. फोन मात्र तुम्हाला करायचा, गाडी चालवणाऱ्याला नाही.